मनगटाची कडी

६ जानेवारी २०१३, रविवार

शुक्रवारच्या नोंदीत एक चूक राहिली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं की औरंगाबादच्या डॉक्टर तौर मॅडम अब्बांबद्दल "नस फुगली आहे" असं म्हणाल्या. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्या "महाधमनी" म्हणाल्या. नस हा शब्द माझा. अम्मी बाहेर बाकड्यावर बसली होती, तिला समजावं म्हणून मी सोपं करून सांगितलं, आणि घरी येऊन वहीतही तेच लिहिलं.

चूक एका शब्दाची, पण आमच्या घरात ती लहान नाही. अब्बा हाडवैद्य आहेत, दादा, म्हणजे अब्बांचे वडीलही होते. करमाडच्या आसपासची माणसं आमच्या ओट्यावर येतात आणि म्हणतात, "कमरूभाई, नस चढली, बसवून द्या." मान आखडली तरी नस, कंबर धरली तरी नस, पायाला मुंग्या आल्या तरी नस. अब्बा बसवून देतात. आता त्यांचीच नस फुगली म्हटल्यावर ते काय करणार? आज सकाळी मी शाळेच्या वह्या तपासत होते. ओट्यावरून कण्हल्यासारखा आवाज आला म्हणून गेले, तर अब्बा चटईवर पालथे आणि करीम त्यांच्या पाठीवर गुडघा रोवून सगळं वजन टाकतोय. करीम माझा मावसभाऊ, अब्बांचा शागीर्द. अब्बांना तो खालू म्हणतो.

मी ओरडले. करीम दचकून बाजूला झाला.

"बोंबलू नको गे," अब्बा मान न वळवता म्हणाले. "फुगली ना? मग बसवायला नक्को?"

"ती ही नस नाही, अब्बा."

"तूच तर म्हणाली."

खरं आहे. मीच म्हणाले.

म्हणून आता नीट लिहिते. अब्बांच्या डाव्या डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलं आहे. त्याच्या ऑपरेशनआधी हृदय तपासून आणा, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि तिथं हे निघालं. हृदयातून रक्त बाहेर नेणारी सगळ्यांत मोठी नळी म्हणजे महाधमनी. ती हृदयातून निघते, वर चढते आणि छत्रीच्या मुठीसारखी वळून पाठीमागून पोटाकडं उतरते. तिचा वर चढणारा भाग अब्बांचा फुगला आहे. दोन बोटांएवढा जाड असायला हवा, तो लहान मोसंबीएवढा झाला आहे. आत काही अडकलेलं नाही. भिंतच मुळात कच्ची, ती ताणून ताणून पातळ झाली. फाटली तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळत नाही. उपाय एकच, छाती उघडून फुगलेला तुकडा काढायचा आणि तिथं कापडाची नळी शिवायची. तोवर नाडी धीमी ठेवणारी गोळी घ्यायची आणि जोर लागेल असं कोणतंही काम करायचं नाही.

मी मॅडमना विचारलं, मग दुखत का नाही?

"फाटेपर्यंत दुखत नाही," त्या म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे."

आमची सगळी विद्या दुखण्यावर चालते. बोटं फिरवत जायचं, माणूस जिथं 'आई गं' म्हणेल तिथं दोष. अब्बांनी स्वतःच्या छातीवरून किती वेळा बोटं फिरवली. कुठंच दुखत नाही. म्हणजे त्यांच्या लेखी कुठंच काही नाही.

८ जानेवारी, मंगळवार

करीमकडून शब्द घेतला की अब्बांच्या अंगाला हात लावणार नाही. "खालूंनी सांगितलं तर मी नाही कसं म्हणू, आपा?" म्हणतो. मी म्हटलं, मला बोलव.

अब्बा गोळी घेतात. हात थंड पडतात म्हणतात.

१२ जानेवारी, शनिवार

गुलशन बिडकीनहून चार दिवसांसाठी आली. माझी धाकटी बहीण. तिचं लग्न माझ्याआधी झालं, कारण माझ्या उंचीचा मुलगा मिळत नाही. तिचा पाचवा महिना सरला आहे. दारात मर्दानी चपला पाहून अम्मीनं घाईनं डोक्यावर ओढणी घेतली, जावई आले समजून. गुलशन एकटीच होती.

"माझ्या पायाची बायकांची चप्पल मिळत नाही, अम्मी. मग तेंची घालते."

"आणि ते काय घालतात?"

"ते माझ्या माघारी फिरतात अनवाणी," गुलशन म्हणाली. अम्मी डोळे पुसेपर्यंत हसली.

ओट्याच्या पायऱ्या चढून तिला दम लागला होता. छातीत धडधडतं म्हणते. अम्मी म्हणाली, दोन जिवांची आहेस, धडधडणारच.

अब्बांनी तिला समोर बसवून तिची नाडी धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाले, "पाणी कोण भरतं तुझ्याकडं?"

"मीच."

"आता भरू नको. सासूला सांग, अब्बांनी सांगितलं."

दुपारी गुलशन माझी बोटं ओढत बसली. म्हणते, या बोटांनी तुझं बालपण खाल्लं. ते खरं आहे. आमच्या घराची एक रीत आहे. मूल सहा वर्षांचं झालं की त्याची कडी पाहतात. एका हाताचा अंगठा आणि करंगळी दुसऱ्या हाताच्या मनगटाभोवती घालायची. अंगठ्याखाली करंगळीचं नख पूर्ण झाकलं गेलं तर कडी बसली, त्याला इल्म, म्हणजे हाडं बसवायची विद्या, द्यायची. दादांची बसायची, गयासचाचांची बसायची, अब्बांची बसते. माझी बसली. मला अक्षरांआधी हाडं शिकवली गेली. फडक्याखाली झाकलेली बकऱ्याची हाडं चाचपून मी सांगायची, हे खुब्याचं, हे खांद्याचं. गुलशनची कडी बसली नाही. ती गल्लीत लंगडी खेळायची आणि खिडकीतून मला वेडावून दाखवायची.

१६ जानेवारी, बुधवार

आज अब्बांना घेऊन मॅडमकडं गेले. जे झालं ते झालं तसं लिहायचा प्रयत्न करते, कारण मला अजून ते नीट उलगडलेलं नाही.

मॅडमनी अब्बांना दोन्ही हात पसरायला सांगितले, मापले. मग म्हणाल्या, "आता एका हातानं दुसरं मनगट धरा. अंगठा आणि करंगळी."

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. त्यांनी मनगट धरलं, करंगळी अंगठ्याखाली गेली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मॅडम, तुम्ही कुणाच्या घरच्या?"

"म्हणजे?"

"ही कडी तुम्हाला कुणी शिकवली? आमच्या खानदानाबाहेर ही कुणाला ठाऊक नाही. तुमच्यात पण कुणी हाडं बसवतं का?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अब्बांना रीत विचारली, अब्बांनी हौसेनं सांगितली. दादा कधी गेले? चाळिशीच्या आत. कशानं? बैलाखाली अडकलेला माणूस ओढून काढताना. गयासचाचा? तेहतीसचे होते, मोंढ्यात पोतं उचललं आणि बसले ते उठलेच नाहीत.

"आमच्यात म्हणतात, इल्म उमरीतून कापून घेतं," अब्बा म्हणाले. "लोकांचं दुखणं हातात येतं ना."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या हळू बोलत होत्या. म्हणाल्या, लांब बोटं, उंची, सैल सांधे, सरकलेलं भिंग आणि कच्ची महाधमनी, हे सगळं एकाच दोषाचं. अंगातला जो धागा सगळं बांधून ठेवतो तोच जन्मतः कमजोर. मनगटाची ही खूण डॉक्टरही बघतात. "तुमच्या घरानं ती आमच्याआधी शोधली असेल. फक्त अर्थ उलटा लावला. ज्यांना जपायला हवं होतं, नेमके तेच तुम्ही वजन ओढायला निवडले."

अब्बांनी आपल्या बोटांकडं पाहिलं. मग त्यांनी ऑपरेशनचं विचारलं. कापडाची नळी ऐकून म्हणाले, "कापड कुठलं? हिमरू का मशरू?" मॅडम हसल्या आता. मलाही बरं वाटलं, वाटलं की ते तयार होत आहेत.

पण मग त्यांनी विचारलं, "हे पोरींना जातं का?"

"निम्मी शक्यता असते. प्रत्येक मुलाला."

"आणि बाईमाणसाला... पोटुशी असताना?"

"तेव्हा धोका जास्त. शेवटचे महिने आणि बाळंतपणानंतरचे दिवस. म्हणून आधी तपासायचं. सोनोग्राफीसारखाच छातीचा फोटो असतो, बाळाला काही होत नाही." त्या माझ्याकडं वळल्या. "तुमचाही काढू. आजच काढू या का?"

मी म्हटलं, आज अब्बांचं होऊ दे, माझं पुढच्या वेळी.

परतताना अब्बा जीपमध्ये खिडकीबाहेर पाहत होते. एकदाच बोलले. "मॅडमला माणसं कळतात." मला वाटलं, माझ्याच काळजीनं ते विचारत होते. माझं लग्न व्हायचं आहे.

१७ जानेवारी, गुरुवार

शाळेत लक्ष लागलं नाही. पाढे म्हणताना मुलं चुकली आणि मी दुरुस्त केलं नाही, हे नंतर आठवलं.

एक मात्र बरं झालं, गुलशनची कडी बसली नाही. ती अम्मीवर गेली आहे.

माझं नंतर पाहू.

२७ जानेवारी, रविवार

औरंगाबादच्या छावणीहून मला बघायला पाहुणे आले होते. मुलगा उंच आहे, माझ्याहून बोटभर जास्तच. बिडकीनला गुलशनच्या सासरच्यांच्या ओळखीतून आलेलं स्थळ. मुलाच्या आईनं माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "काय लांबसडक बोटं! मेंदी काय दिसंल यांच्यावर!" मी हात ओढून घेतले. अम्मी नंतर रागावली.

अब्बा त्यांच्यासमोर ताठ बसले होते. चष्मा काढून ठेवला होता. पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, मॅडमनी ऑपरेशनची तारीख मागितली आहे, सरकारी योजनेचे कागद मी करते.

"तुझं ठरू दे. गुलशन मोकळी होऊ दे. मग बघू."

"एवढा वेळ नाही, अब्बा."

"खानदानी बिमारी म्हटलं ना, की लोक दोन्ही दरवाजे बंद करतात. येणारा पण आणि गेलेला पण." हे ते मला नाही, अम्मीला म्हणाले. अम्मीनं मान हलवली.

माझी खात्री आहे की त्यांना अजून ते समजलेलंच नाही. त्यांच्या डोक्यात पहिल्या दिवशीचा माझा शब्द बसला आहे. नस. चढते, फुगते, बसते.

३ फेब्रुवारी, रविवार

गोळ्यांची पट्टी महिना संपायच्या बरीच आधी संपली. मी विचारलं तर अब्बा म्हणाले, पडल्या असतील कुठं. मी ओट्याखाली, अंथरुणात, सगळीकडं शोधलं. मग मला सरळ दिसलं. ते गोळ्या फेकून देतात. मी फार बोलले. म्हटलं, तुम्हाला जगायचंच नाही. अम्मी चुलीपाशी होती. तिनं एक शब्दही मधे घातला नाही.

अब्बा ऐकून घेत राहिले. म्हणाले, "आण दुसरी पट्टी. रोज तुझ्यासमोर घेतो."

दुपारी मी सायकलची जुनी ट्यूब आणली. एका जागी फुगलेली दाखवली, हवा भरत गेले. त्यांनी पंप माझ्या हातातून घेतला.

"बेटा, मला ट्यूब दाखवून शिकवू नको. पंक्चर काढलं की ठिगळ दिसतं. आख्ख्या गावाला दिसतं."

छातीवरच्या टाक्यांना भितात, असं मला वाटतं. एवढे मोठे होऊन.

१६ फेब्रुवारी, शनिवार

अब्बा मंगळवारी गेले.

चार दिवस वही उघडली नाही. पण आज नाही लिहिलं तर लोक जे सांगतात तेच मला आठवायला लागेल.

भागूबाई तिच्या मुलाला, रामकिसनला, घेऊन आली होती. तो शेंद्र्याला कंपनीत हमाली करतो. खांदा निखळलेला, दंड हातभर लांब झाल्यासारखा लोंबत होता. तो बैलासारखा हंबरत होता आणि भागूबाई त्याच्यावर ओरडत होती, "गप रे! बाईमाणूस बाळंत होती ती एवढी बोंबलत नाय!" बरोबर चार-पाच माणसं.

करीमनं दोनदा ओढलं. बसेना. रामकिसननं दुसऱ्या हातानं त्याला ढकललं.

अब्बा खुर्चीवर बसून तोंडानं सांगत होते. मग म्हणाले, "रईसा, तू बसव."

मला येतं. अब्बांइतकं येतं. बाहेरच्या पुरुषाच्या काखेत पाय रोवून, एवढ्या माणसांसमोर. मी माणसांकडं पाहिलं. त्यांतला एक हसत होता. मी अम्मीकडं पाहिलं. मी पाहत राहिले, तेवढ्यात अब्बा उठले.

मी "नाही" म्हणेपर्यंत त्यांनी टाच लावून हात ओढला होता. खट् वाजलं. रामकिसन गप्प झाला. भागूबाई म्हणाली, "बसला व्हय! कमरूभाईचा हात तो कमरूभाईचाच."

अब्बा तसेच खाली बसून राहिले. त्यांनी एक बोट छातीच्या मधोमध ठेवलं, मग हात मागं नेऊन पाठीत दोन खांद्यांमधे दाखवलं. जागा दाखवल्यासारखं, मला धडा देताना दाखवायचे तसं.

"कापड टरकलं," म्हणाले.

त्यांना कळलं होतं. मॅडमनी सांगितलेलं सगळं त्यांना कळलं होतं.

भागूबाईनं ज्या जीपमधून रामकिसनला आणलं तीच वळवली. करीम पुढं, अब्बांचं डोकं माझ्या मांडीवर. घामानं थबथबलेले, हात बर्फ. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. बोलले ते एवढंच, "त्या पोराचा हात तीन हप्ते गळ्यात बांधून ठेवा म्हणावं. लवकर सोडला तर पुन्हा निखळंल." चिकलठाण्याच्या विमानतळाच्या भिंतीपाशी त्यांची पकड सैल झाली. गाडी तरीही पळत राहिली. मी कुणाला थांबवा म्हटलं नाही.

मयतीला आलेले सगळे म्हणत होते, अटॅक आला. लई सुखाचं मरण. त्यांतल्या दोन बायकांना मी सांगितलं की अटॅक नव्हता. अम्मीनं मला आत बोलावलं.

"अटॅकच म्हण."

"पण तो नव्हता, अम्मी."

"अटॅक कुणालाबी येतो," अम्मी म्हणाली. "समजलं? कुणालाबी."

मला समजलं नाही. दुःखानं बोलली असेल.

२३ फेब्रुवारी, शनिवार

काल दसवां झाला. आज बायका पांगल्यावर मी आणि गुलशन मागच्या खोलीत बसलो होतो. तिला सातवा महिना लागला आहे. भिंतीला टेकून, पाय पसरून, ती उजव्या हातानं डावं मनगट धरून बसली होती. नुसतीच, माणूस बसतं तशी. माझी नजर तिथं गेली.

अंगठ्याखाली करंगळीचं नख दिसत नव्हतं.

"गुलशन, तुझी कडी बसते."

तिनं हाताकडं पाहिलं आणि हसली, अब्बा गेल्यापासून पहिल्यांदा. "हळू बोल गे. पहिल्यापासून बसते. त्या दिवशी मी करंगळी आत दुमडून धरली होती. तुला त्या हाडांपाशी रोज बसवलेलं बघत होते ना मी. काय वास यायचा! मला लंगडी खेळायची होती."

"अब्बांना कळलं नाही?"

"न कळायला ते काय आंधळे होते? हसले. म्हणाले, जा, खेळ."

मी तिचं मनगट धरलं. ती बोलतच होती. "बरं झालं तू एकटी भेटलीस. त्या ताकदीच्या गोळ्या कुठल्या दुकानातल्या गे? अब्बांनी करीमच्या हातानं पाठवल्या होत्या, लहान लहान, पांढऱ्या. त्या घेतल्या की धडधड थांबायची. आठवड्यापूर्वी संपल्या. आता पुन्हा सुरू झालं. पायऱ्यासुद्धा लागत नाहीत, बसल्या बसल्या."

मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

ते गोळ्या फेकत नव्हते.

२४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गुलशनचा नवरा येऊन तिला बिडकीनला घेऊन गेला. मी दारात उभी राहिले आणि काही बोलले नाही.

ती गेल्यावर अम्मीशी बोलले. अम्मी इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडणार नाही. तिला सगळं माहीत होतं. त्या बुधवारी मॅडमकडून आल्यावरच अब्बांनी सांगितलं होतं.

"तेच म्हणाले, पोरगी मोकळी होईपर्यंत बोलायचं नाही. तोवर गोळी देत राहू. मग माहेरी आणू, मग दाखवू. नंतरचं नंतर."

"मॅडम म्हणाल्या होत्या, बाळंतपणाआधीच दाखवायचं."

"मॅडम बिडकीनला नांदायला जाणार आहे का?" अम्मीचा आवाज चढला. "तिची सासू कशी आहे तुला माहीत आहे. सुनेत खोट निघाली म्हणंल, पोटातलंबी खोटंच म्हणंल. उद्या पोरीला पोटासकट दारात आणून सोडतील. आणि छावणीवाले? तेबी गेले. दोन पोरी घरात घेऊन मी काय करू? तुझ्या बापानं स्वतःचं कापड फाटू दिलं, पण पोरींचं झाकलं. आता तू उघडं करणार?"

मी म्हटलं, "ती मरेल, अम्मी."

अम्मीनं तोंडावर ओढणी घेतली. थोड्या वेळानं आतून आवाज आला. "खोटं बोलून नेता येत असंल तर ने. खरं सांगू नको."

मला खोटं बोलता येत नाही. हे काही मोठेपणाचं नाही. माझा चेहराच बोलतो. मी गुलशनच्या सासूसमोर उभी राहून 'सहज दाखवायला नेते' म्हटलं तर ती पहिल्या वाक्यालाच विचारेल, काय लपवतेस?

२५ फेब्रुवारी, सोमवार

मधल्या सुट्टीत मॅडमना फोन केला. गोळ्यांचं ऐकल्यावर त्यांनी आधी विचारलं, बंद होऊन किती दिवस झाले? मग म्हणाल्या, ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते. अब्बांची नवी पट्टी उरली असेल तर त्यातली रोज एक, अब्बा पाठवत होते तेवढीच, परवापर्यंत. पाणी भरायचं नाही, काही उचलायचं नाही. छातीत, पाठीत कसलीही कळ आली तर वाट न पाहता थेट दवाखाना. फोटो परवा सकाळी सगळ्यांत आधी. फुगवटा लहान असेल तर औषधावर, लक्ष ठेवून, नीट बाळंतपण होऊ शकतं. मोठा असेल तर काय, ते त्यांनी फोनवर सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

शेवटी त्यांच्याकडच्या बाईनं फोन घेतला. "नावं किती लिहू? एक का दोन?"

मी म्हटलं, सांगते. आणि फोन ठेवला.

शाळा सुटल्यावर वर्गात एकटीच बसले. ज्या मुलीला मी रोज नीट बस म्हणून सांगते तिच्या बाकावर. माझ्या डाव्या मनगटाभोवती उजवा हात घातला. सहाव्या वर्षानंतर पहिल्यांदा मुद्दाम पाहिली. बसते. नख झाकून वर अंगठा उरतो. चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतो, उशीवर कान ठेवला की छातीतला ठोका ऐकू येतो, हे या वहीत मी कधी लिहिलं नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा माझं पुढच्या वेळी, मग माझं नंतर. अम्मीवर मी चिडते, पण ओढणी तर मीही घेतलेलीच होती.

आणि मग सुचलं. खोटं बोलायची गरजच नाही.

बिडकीनला जाऊन मी गुलशनच्या सासूला सांगणार: अब्बांना अटॅक नव्हता आला. त्यांची छातीतली मोठी नळी फाटली. हे बापाकडून लेकराला येऊ शकतं असं डॉक्टर म्हणतात. माझी बोटं त्यांच्यासारखी आहेत, मला तपासायचं आहे, आणि मला एकटीला जायची भीती वाटते. अम्मी इद्दतीत आहे. गुलशनला माझ्या सोबतीला पाठवा. यातला एकही शब्द खोटा नाही. खोट निघायचीच असेल तर ती आधी माझ्यात निघू दे. सासू मला पाहील, गुलशनला नाही. टेबलावर आधी मी झोपेन, मग गुलशनला म्हणेन, आता तू. रस्त्यात तिला सगळं सांगेन. गोळ्यांचंसुद्धा.

बिडकीनला बोललेलं छावणीत दोन दिवसांत पोचतं. तिथलं स्थळ जाईल. मुलाच्या आईनं माझे हात धरले होते, ते आठवलं. जाऊ दे.

करीमला मोटारसायकलवर पाठवलं, गोळ्यांची पट्टी देऊन. त्याला म्हटलं, ताकदीच्या आहेत म्हणू नको, अब्बांच्या आहेत म्हण. तो उंबऱ्यापाशी थांबला. "आपा, खालूंनी मला शपथ घातली होती."

"माहीत आहे."

"तुम्ही त्या दिवशी त्यांना बोलल्या, तेव्हा सांगावंसं वाटलं होतं."

"जा आता," मी म्हटलं. "उजेड आहे तोवर पोच."

अम्मी आतून ऐकत होती. तिनं मला अडवलं नाही. उठून तिनं अब्बांची शाल काढली आणि माझ्या पिशवीवर ठेवली. म्हणाली, दवाखान्यात लई गार असतं.

मग मी पुन्हा फोन लावला आणि बाईला दोन्ही नावं सांगितली. रईसा कमरोद्दीन, वय चोवीस. गुलशन कमरोद्दीन, वय बावीस. तिनं विचारलं, पहिलं कुणाचं घेऊ? मी म्हटलं, माझं.

उद्या शाळेत रजेचा अर्ज देऊन दुपारच्या गाडीनं बिडकीन, मुक्काम तिथंच. तपासणी परवा सकाळी. बुधवार, २७ फेब्रुवारी.